ऑपरेशनच्या आधीचे दहा आठवडे आणि एका पायलीच्या कुरड्या

आधी थोडं सांगते

मी कॅन्सरच्या पेशंटच्या घरी जाते. बसते, बोलते, फाईल नीट लावून देते, योजनेचे कागद असले तर पाहते, कधी नुसती सोबत करते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे खाली औषधोपचाराचं जे लिहिलंय ते काकूंना त्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितलं तेवढंच. हे प्रकरण नागपुरातल्या महाल भागातल्या एका घरातलं आहे. नावं दिली नाहीत, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात आणि लिहायच्या आधी काकूंना विचारलंय. त्या म्हणाल्या, "लिही ना बाप्पा, कोणाच्या कामी आलं तर बरंच हाय."

पार्श्वभूमी

काकू साठीच्या पुढच्या. काका एम्प्रेस मिलमध्ये होते, २००२ ला मिल बंद झाली तेव्हापासून इतवारीत एका दुकानात हिशेब लिहायला जायचे, आता घरीच असतात. मुलगा, सून, आठवीतला नातू. जुनं घर, खाली दोन खोल्या, वर दोन, वर गच्ची, आणि संडास मागच्या अंगणात. हा संडास पुढे फार महत्त्वाचा आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

शौचातून रक्त पडायला लागून सहा महिने झाले होते, घरात सगळ्यांना वाटलं मूळव्याध आहे, काकूंनी कोणाला नीट सांगितलंही नाही, आपल्याकडच्या बायका हे सांगतच नाहीत. मग वजन उतरलं तेव्हा सुनेने ओढून नेलं. कोलोनोस्कोपी, बायोप्सी, एमआरआय. गुदाशयाचा कॅन्सर, गाठ बरीच खाली. आधी रेडिएशन आणि सोबत केमोच्या गोळ्या, मग काही आठवडे थांबून ऑपरेशन, मग रिपोर्ट पाहून पुढचं, असा प्लॅन ठरला. रेडिएशनचे २८ दिवस, सोमवार ते शुक्रवार. मुलगा आधी गाडीवर न्यायचा, पण नंतर बसवेना, मग ऑटो.

मार्चच्या मध्यात रेडिएशन संपलं. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आता साधारण आठ आठवडे थांबायचं, मग एमआरआय, मग ऑपरेशनची तारीख.

अडचण काय झाली

रेडिएशन चालू होतं तोवर घर बरं चाललं होतं हे ऐकून नवल वाटेल, पण खरंच तसं होतं. रोज जायचं, नंबर लावायचा, यायचं. ओळखी झाल्या होत्या, काटोलकडची एक बाई रोज भेटायची, दोघी डबा बदलून खायच्या. ते संपलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काकू साडी नेसून तयार बसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कुठं जायचंच नाही. सून सांगते, त्या दिवशी त्या दुपारपर्यंत तशाच बसून होत्या.

त्यात भीती. "गाठ आत हाय अन् दोन महिने काहीच करायचं नाही? वाढली त मग?" हा प्रश्न रोज रात्री. आता हे सांगायला हवं की हे थांबणं म्हणजे उपचार बंद असं नसतं. रेडिएशन संपल्यावरही त्याचा परिणाम काही आठवडे चालू राहतो, गाठ आक्रसत जाते, भाजल्यासारखी झालेली आतली जागा थोडी निवते, आणि मग सर्जनला काम करणं सोपं जातं. म्हणून सर्वसाधारणपणे सहा ते बारा आठवड्यांचं अंतर ठेवतात. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, मुलाला आठवतही होतं, पण काकूंपर्यंत ते 'थांबा' एवढंच पोचलं.

आणि घरच्यांनी प्रेमापोटी काय केलं, तर सगळं बंद केलं. स्वयंपाकघरात जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, देवळात गर्दी, तिथे नाही. पाहुणे मात्र चालू. रोज कोणी ना कोणी येऊन बसायचं, हात धरून रडायचं, कोणी काढा आणायचं, कोणी आपल्या नात्यातल्या गेलेल्या माणसाची पूर्ण गोष्ट सांगायचं. काकू पलंगावर, कूलर समोर, टीव्ही चालू, त्या भिंतीकडे पाहून राहिल्या, असं मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाहिलं. एप्रिलचा पहिला आठवडा होता, ताट्या नव्या घातल्या होत्या, घरभर ओल्या वाळ्याचा वास.

मी विचारलं, काकू काय आवडतं तुम्हाला? म्हणाल्या, "आता काय आवडून करायचं."

माझी पहिली चूक

मी त्यांना एक वही दिली. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा म्हटलं. काही जणांना याचा उपयोग होतो, मी पाहिलाय, म्हणून दिली. आठ दिवसांनी गेले तर वहीत नातवाची गणितं होती. काकू म्हणाल्या, "तू म्हणते चांगलं लिही, अन् माझं लक्ष दिवसातून दहा वेळा संडासात. काय लिहू?"

मला तेव्हा समजलं की मी त्यांना विचारलंच नव्हतं की दिवस नेमका कसा जातो. मग विचारलं. रेडिएशनमुळे जुलाब, अचानक लागते, थांबता येत नाही, अंगणातून मागे जाईपर्यंत दोनदा कपडे खराब झाले, ते त्यांनी सुनेपासून लपवून पहाटे धुतले. तळहात लाल, आग होते, सालपटं निघतात, ते त्या केमोच्या गोळ्यांमुळे, गोळ्या रेडिएशनबरोबरच बंद झाल्या होत्या तरी भरून यायला वेळ लागतो. चहाचा कप धरवत नव्हता. आणि पोटावर पिशवी लागणार ही भीती. गाठ खाली असल्यामुळे आतडं जोडल्यावर ती जागा भरून येईपर्यंत काही महिने शौच पोटावरच्या पिशवीत येऊ द्यावं लागेल असं सर्जन म्हणाले होते. काकूंनी ते ऐकलं होतं आणि त्यानंतर त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

आनंद वगैरे नंतर. आधी संडास.

कोणते पर्याय समोर होते

मुलाच्या डोक्यात मुंबई होती. टाटाला नेऊ, तिथे लवकर ऑपरेशन करतील. कॅन्सर पेशंटला रेल्वेच्या तिकिटात सवलत असते, विदर्भ एक्सप्रेस आहे, सोय होते, प्रश्न तो नव्हता. प्रश्न हा की लवकर करणं हेच मुळात बरोबर नव्हतं, आणि दहा वेळा जावं लागणाऱ्या बाईला रात्रभराचा प्रवास. नागपुरात आता तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचं कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, सरकारी मेडिकल आहे, पूर्वीसारखं प्रत्येकाला मुंबईच गाठावी लागते असं राहिलं नाही. शेवटी त्याने रिपोर्ट पाठवून दुसरं मत घेतलं, तिथूनही 'थांबा' हेच आलं. हे मत घेणं मला वायफळ वाटत नाही. त्या उत्तरानंतर मुलगा पहिल्यांदा नीट झोपला आणि त्याचा आईवरचा पहारा थोडा ढिला झाला.

काकांचं म्हणणं, पूर्ण आराम. बाई आजारी आहे, पडून राहू द्या. सुनेचं म्हणणं, माहेरी काटोलला नेऊ, शेतात मोकळी हवा. पण तिथून काही झालं तर नागपूर गाठायला दीड-दोन तास, आणि शेतातल्या घरी संडासाची सोय अजून अवघड, म्हणून ते मागे पडलं.

चौथा पर्याय आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हता. तो नातवाकडून आला. तो शाळेतून येऊन सहज बोलला, "आजी, यंदा चीक नाही का खायचा?"

काकू उठून बसल्या. मी समोर होते म्हणून सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची नजर भिंतीवरून हलली. "गहू तरी आणले का कोणी?" असं त्यांनी सुनेला विचारलं, आणि आवाज नेहमीच्या सासूचा होता.

निर्णयाची जागा

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कुरड्यांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून ते पांढरं पाणी रात्रभर बसू द्यायचं. सकाळी वरचं पिवळट पाणी ओतून टाकायचं, खाली घट्ट चीक बसलेला असतो. तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायला ठेवायचं, त्यात चीक सोडून घोटायचा, गाठी होऊ द्यायच्या नाहीत, आणि गरम असतानाच सोऱ्यातून गच्चीवर कापडावर घालायचा. काकूंच्या गल्लीत दर उन्हाळ्यात पाच-सहा घरांचं वाळवण एकत्र व्हायचं आणि चीक शिजला की नाही हे काकूच सांगायच्या. तीस-पस्तीस वर्षं.

आता प्रश्न असा होता की हे करू द्यायचं का. काका सरळ नाही म्हणाले. आग, ऊन, बायांची गर्दी, तळहात असे. त्यांचं चूक नव्हतं. मी मधे पडले आणि म्हटलं, काकूंना काय करता येत नाही ते आधी डॉक्टरांना विचारू, मग उरलेलं त्यांचं.

सुनेने फोन करून विचारलं आणि उत्तरं कागदावर लिहून घेतली. गरम वस्तू, घासण, दाब तळहाताला नको, म्हणजे घोटणं आणि सोऱ्या दोन्ही गेलं. ऊन नको. पाणी कमी पडायला नको, जुलाब चालू असेपर्यंत ओआरएस जवळ ठेवायचं. सर्दी-खोकला, ताप असलेलं माणूस जवळ नको, पण चार निरोगी बायका मोकळ्या हवेत बसल्या तर हरकत नाही. आणि आहाराच्या मॅडमना विचारलं चीक खाल्ला तर चालेल का, त्या म्हणाल्या गव्हाचा कोंडा त्यात नसतोच, मऊ असतो, थोडा खाऊ द्या, तुपाचा अंदाज ठेवा.

तुपाचं सोडून काकूंनी सगळं मान्य केलं.

काय केलं

सगळ्यात आधी मुलाने खालच्या खोलीत पलंग हलवला, अंगणाच्या दाराला लागून, म्हणजे दहा पावलांत संडास. रात्री दिवा चालू. दाराशी बादलीत जुने सुती पंचे आणि कपडे खराब झाले की त्यात टाकायचे, कोणी काही बोलायचं नाही, सून मशीनला लावेल. हे सासू-सुनेचं बोलणं मी घडवून आणलं, दोघी फार अवघडल्या होत्या, सून शेवटी एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही माझ्या बाळंतपणात काय काय धुतलं ते मी विसरली का?" काकू रडल्या. मला वाटतं त्या घरातली खरी गाठ त्या दिवशी सुटली.

पाहुण्यांना वेळ ठरवला, संध्याकाळी ६ ते ७, आणि काकांनी दारातच सांगायचं की आजाराचं बोलायचं नाही. काका या कामात फार चोख निघाले.

मग कुरड्या. एक पायली गहू, दर वर्षी तीन करायच्या. गच्चीवर प्लास्टिकची खुर्ची, काकू खुर्चीत, हात मांडीवर, आणि बाकी सगळ्या बाया कामाला. पहिल्या दिवशी मी गेले नव्हते आणि तिथेच चूक झाली. मी 'करा' म्हटलं पण किती वाजेपर्यंत ते ठरवून दिलं नाही. सकाळी ८ ला सुरू केलं, चीक नीट बसला नव्हता म्हणून उशीर झाला, बोलता बोलता ११ वाजले. नागपूरचा एप्रिल, गच्चीची फरशी तापलेली, काकू उठायला तयार नाहीत, "हा घाणा होऊ दे." दुपारी चक्कर, जुलाब वाढले, संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात सलाईन. एका रात्रीत घरी आल्या, पण काकांनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

इथे दुसरा निर्णय घ्यायचा होता. बंद करायचं की पद्धत बदलायची. मुलगा म्हणाला बंद. मी गप्प होते, मला बोलायचा हक्क वाटेना. आणि काका म्हणाले, "पहाटे करू. मी पहिल्या पाळीला चार वाजता उठत होतो, आताही उठतो. साडेसातच्या आत खाली आणतो तिला." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. नंतर मी विचारलं, काका तुम्ही तर नाही म्हणत होता. म्हणाले, सलाईन लावून पडली होती तेव्हाही सुनेने चीक कुठे झाकून ठेवला ते विचारून राहिली होती, दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदा दुसऱ्या कशाची काळजी केली.

पुढचे तीन घाणे पहाटे ५ ते साडेसात. काका चूल पेटवून, ओआरएसची बाटली खुर्चीच्या हाताला बांधून. चीक घोटायला शेजारची नवीन लग्न झालेली मुलगी, तिला काही येत नव्हतं. काकू खुर्चीतून वाफेकडे पाहून सांगायच्या, "अजून नाही... अजून नाही... आता पाहा, पांढरा होता तो काचेसारखा झाला ना, आता झाकण ठेव अन् हात लावू नको." मग एका वाटीत पहिला चीक, वर थोडं तूप, नातू आणि काकू एकाच वाटीतून. ऊन गच्चीवर यायच्या आत खाली. पुढचं वाळणं उन्हाचं काम.

कुरड्यांशिवाय दोन गोष्टी अजून झाल्या त्या थोडक्यात सांगते. रामनवमीची पोद्दारेश्वर मंदिराची शोभायात्रा बडकस चौकातून जाते, गर्दीत जाणं शक्य नव्हतं, एका ओळखीच्या घराच्या गॅलरीतून पाहिली, तिथला संडास आधी पाहून ठेवला होता. आणि जुलाब कमी झाल्यावर आठवड्यातून एकदा संध्याकाळी मेट्रो. सीताबर्डीहून खापरीकडे जायचं, परत यायचं. थंडगार, बसायला जागा, स्टेशनवर स्वच्छ संडास. काकूंना वर्धा रोडवरून वरून शहर पाहायला फार आवडलं. "एवढं झाड हाय आपल्या नागपुरात?" असं दर वेळी.

पिशवीचं

हे वेगळं लिहिते कारण आनंदाच्या गोष्टींनी ही भीती गेली नाही आणि जाणारही नव्हती. सातव्या आठवड्यात मी एका बाईंना घेऊन गेले, त्यांना पिशवी होती, नंतर ती काढून आतडं परत आत घातलं होतं. त्या तासभर बसल्या. काकूंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, साडी नेसता येते का. त्यांनी उभं राहून दाखवलं, परकराची नाडी कुठे बांधायच्या ते. आणि सांगितलं की ऑपरेशनच्या आधी नर्स पेनाने पोटावर खूण करते, तेव्हा नुसतं झोपून नको, बसून, उभं राहून, नाडी कुठे येते ते दाखवून खूण करून घ्या, नाही तर नाडी नेमकी पिशवीवर येते. काकूंनी पुढे तसंच केलं, परकर नेसूनच गेल्या. हे कोणत्या पुस्तकात वाचून समजलं नसतं.

निष्पत्ती

आठव्या आठवड्यात एमआरआय झाला. गाठ बरीच लहान झाली होती, पूर्ण गेली नव्हती. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून ऑपरेशन दहाव्या आठवड्यावर गेलं, पुढे ढकललं तेव्हा मुलगा खचला, काकू नाही. वजन दीड किलो वाढलं होतं. तळहात भरून आले होते. ऑपरेशन झालं, तात्पुरती पिशवी लागली. पहिले चार दिवस वाईट गेले, ते मी गोड करून सांगणार नाही, काकू दोन दिवस पिशवीकडे पाहायलाच तयार नव्हत्या.

कुरड्यांमुळे गाठ लहान झाली असं मी अजिबात म्हणत नाही, ते काम रेडिएशनचं आणि गोळ्यांचं. कुरड्यांमुळे त्या दहा आठवड्यांत काकू काकू राहिल्या.

काय वेगळं करता आलं असतं

रेडिएशनच्या शेवटच्या दिवशीच 'या काळात काय चालेल, काय नाही, कशाला लगेच यायचं' हे लिहून घ्यायला हवं होतं. घरच्यांनी सगळं बंद केलं कारण काय चालतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं. त्यात तीन आठवडे गेले. पिशवीवाल्या बाईंना मी सातव्या ऐवजी तिसऱ्या आठवड्यात न्यायला हवं होतं. मला वाटलं आत्ताच कशाला घाबरवायचं, पण त्या आधीपासूनच एकट्या घाबरत होत्या.

आणि काका. आम्ही सगळे काकूंभोवती होतो, काकांना कोणी विचारलं नाही की तुमचं काय चाललंय. ते पहाटे चार वाजता उठून एकटेच बसत होते हे मला, ते चूल पेटवायला लागले तेव्हा समजलं.

पहिल्या घाण्याच्या दिवशी मी तिथे असायला हवं होतं.

आता परत थांबणं आहे. ऑपरेशननंतरची केमो चालू आहे, ती संपल्यावर पिशवी बंद करायचं ठरेल. पाऊस लागलाय, वाळवणाचे दिवस नाहीत. परवा काकूंचा फोन आला, मला वाटलं काही त्रास होतोय. म्हणाल्या, "माझा जर्मनचा मोठा गंज तुझ्याकडेच राहिला का? पोराला पाठवते घ्यायला. लोणच्याच्या कैऱ्या धुवायच्या हायत."